संशयाचा फायदा कोणाला?

बंगळूरच्या बसवनगुडीचे रुंद रस्ते अपुऱ्या पुराव्यावर आखले गेले. ऑगस्ट १८९८मध्ये प्लेग बंगळूरला पोहोचला, तेव्हा त्याचा जंतू माहीत होता. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो चार वर्षांपूर्वी हाँगकाँगला ओळखला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, यावर मात्र एकमत नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी त्याच वर्षी कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले, पण बहुतेकांनी ते उडवून लावले. पुढे १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने प्रयोग केले, तेव्हा कुठे शंका फिटली. १८९८ साली म्हैसूर संस्थानाच्या हाती एवढेच निरीक्षण होते, की पेठांतल्या दाट, अंधाऱ्या, कोंदट घरांत माणसे जास्त मरतात. दिवाण शेषाद्री अय्यर आणि प्लेग आयुक्त म्हणून काम पाहणारे, कुंभकोणमच्या मराठी कुटुंबातले विश्वनाथ पाटणकर माधवराव यांच्या काळात तेवढ्या निरीक्षणावर शहर बदलू लागले. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या आधी योजलेल्या वस्त्यांना वेग आला. सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून सुटी घरे आणि घरांच्या मागून सफाईसाठी स्वतंत्र गल्ली अशी त्यांची आखणी होती. कोंदट, दूषित हवेने प्लेग पसरतो हा त्यामागचा समज पुढे खोटा ठरला. दाटी मोडण्याचा निर्णय मात्र खोटा ठरला नाही.

त्याच साथीत पुण्यात काय घडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. १८९७ साली वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीनेही पूर्ण पुराव्याची वाट पाहिली नाही. तिने गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवले, माणसे उचलून नेली, सामानसुमान रस्त्यावर काढून जाळले. शास्त्र दोन्हीकडे तेवढेच अपुरे होते. त्या अपुरेपणाची किंमत कुणाच्या माथी मारली, यात फरक होता. बसवनगुडीत राज्याने ती जमीन, रस्ते आणि गटारे यांत घातली. पुण्यात ती रयतेच्या उंबरठ्यावर वसूल झाली. शास्त्राला उत्तर सापडायला वर्षे लागतात, कधी पिढ्या लागतात. मधल्या काळात शंकेचा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो न्यायाचा आणि राज्यकारभाराचा प्रश्न आहे. ज्याने धोका निर्माण केला आणि ज्याच्या कपाटात कागदपत्रे आहेत, त्यानेच तो भार उचलला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. व्हिएतनाम युद्धातल्या तणनाशकांनी बाधित झालेल्या सैनिकांचा लढा हा याचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा दाखला आहे, आणि भारतीय सैनिकांपासून तो वाटतो तितका दूर नाही.

या तणनाशकांचा जन्मच युद्धाच्या काळातला. वनस्पतींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या द्रव्यांची नक्कल करून, झाडाला बेफाम वाढवून मारता येते, हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी गुप्तपणे अभ्यासले. त्यातून २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन रसायने पुढे आली. युद्ध संपल्यावर ती शेतात गेली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी मलायातल्या बंडखोरांविरुद्ध ती पुन्हा रानात आणली. १० ऑगस्ट १९६१ रोजी दक्षिण व्हिएतनाममधल्या कोन तुमच्या परिसरात पहिली चाचणी फवारणी झाली आणि जानेवारी १९६२पासून अमेरिकी वायुदलाची ‘ऑपरेशन रँच हँड’ ही मोहीम नियमित सुरू झाली. जंगलाची पाने झडली की शत्रूला लपायला जागा उरणार नाही आणि भाताची खाचरे मेली की त्याला खायला मिळणार नाही, हा हिशेब होता. १९७१पर्यंत ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशक या देशावर पडले. त्यातले निम्म्याहून अधिक एकाच मिश्रणाचे होते, आणि २०८ लिटरच्या पिंपाभोवती रंगवलेल्या नारिंगी पट्ट्यावरून त्याला ‘एजंट ऑरेंज’ म्हणू लागले. पांढऱ्या, निळ्या, जांभळ्या, गुलाबी आणि हिरव्या पट्ट्यांचीही पिंपे होती. निळ्या पट्ट्याच्या पिंपात भातपीक मारण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायन असे.

फवारणीचे काम सी-१२३ जातीची विमाने करत. विमानाच्या पोटात जवळपास ३,८०० लिटरची टाकी बसवलेली असे आणि झाडांच्या शेंड्यांवरून जाता जाता ती चारेक मिनिटांत रिकामी होई. खाली लांबच लांब पट्टा ओला होई आणि काही आठवड्यांत तिथे नुसते सांगाडे उभे राहत. तळांच्या कुंपणाभोवती सैनिक हेच मिश्रण ट्रकवरून आणि पाठीवरच्या पंपाने मारत. मिश्रण माणसाला निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितलेले होते, त्यामुळे हातमोजे किंवा मुखवटे घालण्याचा प्रश्न आला नाही. रिकामी पिंपे अंघोळीचे पाणी साठवायला वापरल्याच्या आठवणी कित्येक सैनिकांनी पुढे सांगितल्या. त्या वेळी कुणाला काही झाले नाही. डोकेदुखी, अंगावर पुरळ, फार तर उलटी. त्या हवेत ते कशानेही झाले असे म्हणता येत होते.

विष नेमके कशात होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. एजंट ऑरेंजमध्ये २,४-डी आणि २,४,५-टी निम्मेनिम्मे होते. २,४,५-टी बनवताना तापमान हाताबाहेर गेले की टीसीडीडी नावाचे डायॉक्सिन उप-उत्पादन म्हणून तयार होते. युद्धाची मागणी भागवण्यासाठी कारखान्यांनी उत्पादनाचा वेग वाढवला, तसे मालातले हे अशुद्ध द्रव्यही वाढले. वेस्ट व्हर्जिनियातल्या नायट्रो गावच्या कारखान्यात १९४९ साली झालेल्या अपघातानंतर कामगारांच्या अंगावर मोठमोठे फोड उठले होते, त्यामुळे हा धोका रासायनिक उद्योगाला अगदीच अनोळखी नव्हता. डायॉक्सिन चरबीत विरघळते आणि शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच त्याला सात ते अकरा वर्षे लागतात. पेशीतल्या एका ग्राहक-रेणूला चिकटून ते जनुकांचे काम बिघडवते. म्हणजे हे विष गोळीसारखे त्याच दिवशी जखम करत नाही. विशीत अंगात गेलेले विष पन्नाशीत कर्करोग, मधुमेह किंवा कंपवात होऊन समोर उभे राहू शकते.

इथे एक आक्षेप आपल्याकडचा शेतकरी सहज घेईल. २,४-डी तर आजही कृषिसेवा केंद्रात मिळते, ऊस-ज्वारीत आणि बांधावर मारले जाते; मग एवढा गहजब कशाला? १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेले गाजर गवत देशभर पसरले, तेव्हा त्यावरही हेच औषध मारले गेले. उत्तर असे, की सैनिकांच्या बाबतीतला मुख्य दोष २,४,५-टीमधल्या डायॉक्सिनचा होता आणि भारतात २,४,५-टीला नोंदणी नाकारलेली आहे. शिवाय एका एकरावर किती मारले, ते कोणत्या दर्जाचे होते आणि माणूस किती काळ त्यात राहिला, याने सारे बदलते. नाव सारखे म्हणून धोका सारखा, असे म्हणता येत नाही. तसेच नाव शेतातले म्हणून ते रणांगणावरही निर्धोक, असेही म्हणता येत नाही. नेमका हा दुसरा गैरसमज अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांच्या गळी उतरवला होता. तणाला मारायचे इतर मार्गही असतात, हे बंगळूरने पुढे दाखवून दिले. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे इथल्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने आणले आणि १९८४ साली रानात सोडले.

१९६९ साली अमेरिकेतल्या एका सरकारी अभ्यासाने २,४,५-टी दिलेल्या उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगे दाखवली. एप्रिल १९७०मध्ये त्याचा लष्करी वापर थांबला आणि जानेवारी १९७१मध्ये रँच हँडचे शेवटचे उड्डाण झाले. मग सैनिक घरी आले आणि आजारी पडू लागले. १९७७च्या सुमारास माजी सैनिक खात्याच्या शिकागो कार्यालयात दावे हाताळणाऱ्या मॉड डिव्हिक्टर यांच्या लक्षात आले, की व्हिएतनामहून आलेल्या तरुणांत विचित्र कर्करोग वारंवार दिसतात. त्यांच्या टिपणांवरून १९७८ साली दूरचित्रवाणीवर माहितीपट झाला आणि देशभरातून दाव्यांचा ओघ सुरू झाला. खात्याचे उत्तर ठरलेले होते: तुमचा आजार या रसायनाने झाला, हे सिद्ध करा. १९८५च्या नियमाने फक्त क्लोराक्ने नावाचे त्वचेवरचे फोड मान्य केले, तेही संपर्कानंतर तीन महिन्यांत उठले असतील तरच. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाने पंधरा वर्षांपूर्वी आपण कोणत्या दिवशी कोणत्या टेकडीखाली होतो आणि त्या दिवशी वरून काय पडले, हे दाखवायचे होते. विमानांच्या उड्डाणांच्या नोंदी मात्र संरक्षण खात्याच्या ताब्यात होत्या.

सरकार दाद देत नाही म्हणून सैनिकांनी उत्पादकांना न्यायालयात खेचले. डाऊ, मोन्सँटो आणि इतर कंपन्यांनी ७ मे १९८४ रोजी, खटला उभा राहण्याच्या काही तास आधी, १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. आकडा भव्य वाटतो. पण सुमारे ५२,००० सैनिकांना किंवा त्यांच्या वारसांना प्रत्येकी सरासरी ३,८०० डॉलर आले. खटला चालवणारे न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांचे मत असे होते, की एका विशिष्ट माणसाचा एक विशिष्ट आजार याच रसायनाने झाला, हे सिद्ध होत नाही. दिवाणी न्यायालयाच्या कसोटीवर ते चूक म्हणता येणार नाही. कर्करोगाच्या गाठीवर कारणाचे नाव लिहिलेले नसते. साथरोगशास्त्र समूहाबद्दल बोलते. दहा हजारांत किती जास्त, एवढे ते सांगते. या जास्तीच्या माणसांत तू आहेस की नाहीस, हे ते कुणालाच सांगू शकत नाही. म्हणून वैयक्तिक पुराव्याची अट घालणे म्हणजे नकाराचेच दुसरे नाव होते. संसदेने मागितलेला मोठा अभ्यासही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ साली सोडून दिला. कोणता सैनिक किती बाधित झाला, हे लष्करी नोंदींवरून ठरवता येत नाही, असे कारण दिले. पुढे २००३ साली जीन स्टेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच उड्डाणनोंदी बारकाईने तपासून फवारणीचा नकाशा उभा केला; किमान ३,१८१ गावांवर थेट फवारणी झाल्याचे त्यातून दिसले. शोधायचे ठरवले की कागद बोलत होते.

या लढ्यात सर्वांत अवघड जागी उभे असलेले गृहस्थ होते अॅडमिरल एल्मो झुमवाल्ट. १९६८ ते १९७० या काळात ते व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नद्यांच्या काठच्या झाडीतून गस्ती नौकांवर गोळीबार होई आणि खलाशी मरत; झुमवाल्ट यांनी ते काठ उघडे करण्यासाठी फवारणीचा हुकूम दिला. त्याच पाण्यात त्यांचा मुलगा एका नौकेचा अधिकारी होता. तो मुलगा १९८८ साली वयाच्या ४२व्या वर्षी कर्करोगाने गेला. आपल्या हुकमाने कित्येक खलाशांचे प्राण वाचले, असे झुमवाल्ट शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि आपल्या मुलाच्या आजाराचे कारण ते रसायन होते असेही त्यांनी मानले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १९९० साली त्यांनी माजी सैनिक खात्यासाठी अहवाल लिहिला. उपलब्ध पुरावा सैनिकांच्या बाजूने पुरेसा आहे आणि सरकारी अभ्यास नीट झालेले नाहीत, असे त्यात ठणकावून सांगितले. युद्धात घेतलेला निर्णय त्या क्षणी योग्य होता की नाही, याचा निकाल न लागताही त्याची जबाबदारी घेता येते, हे या माणसाने दाखवले. पेन्शनचा प्रश्न दोषारोपात अडकवला की तो कधीच सुटत नाही.

निर्णायक वळण १९८९ साली आले. कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने माजी सैनिक खात्याचा नियम रद्द केला: कार्यकारणाचा पक्का पुरावा मागणे कायद्याला धरून नाही, लक्षणीय सांख्यिकी संबंध पुरे आहे. त्यावर ६ फेब्रुवारी १९९१ रोजी एजंट ऑरेंज कायदा झाला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो व्हिएतनाममध्ये सेवेत होता, तो बाधित झाला असे धरून चालायचे. आणि यादीतला आजार त्याला झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे मानायचे. यादीत काय घालायचे, यासाठी राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दर दोन वर्षांनी सगळे संशोधन तपासायचे. सुरुवातीला यादीत क्लोराक्ने, नॉन-हॉजकिन लिम्फोमा आणि मृदू ऊतींचा सार्कोमा एवढेच होते. पुढे फुप्फुसाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग, २००१ साली टाइप-२ मधुमेह, २०१० साली कंपवात आणि हृदयाचा रक्तपुरवठा रोडावणारा आजार आला. किनाऱ्यापासून दूर जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना भूमीवर पाय ठेवला नाही म्हणून वगळले होते. त्यांना २०१९च्या निकालाने आणि कायद्याने सामावून घेतले. १० ऑगस्ट २०२२ रोजी, पहिल्या चाचणी फवारणीला ६१ वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याने उच्च रक्तदाब यादीत आला आणि थायलंड, लाओस व कंबोडिया यांतले ठरावीक काळ व ठिकाणेही आली.

या पद्धतीवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेटचा कर्करोग हे म्हातारपणचे नेहमीचे आजार आहेत. व्हिएतनाममध्ये कधी न गेलेल्यांनाही ते होतात. मग लाखो माणसांना अशा आजारासाठी पैसे मिळतील, ज्याचा फवारणीशी काही संबंध नव्हता. हे खरे आहे, आणि कायद्याने ते जाणूनबुजून पत्करले आहे. इथे चूक टाळण्याचा पर्याय उपलब्धच नाही. कोणती चूक पत्करायची, एवढेच ठरवता येते. अट कडक ठेवली तर ज्यांचा आजार विषानेच झाला ते रिकाम्या हाताने मरतात. अट सैल केली तर काही जणांना हक्काबाहेरचे निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्या चुकीची किंमत पैशात मोजता येते आणि ती तिजोरीला पेलते. पहिलीची भरपाई कशानेच होत नाही. दुसरा आक्षेप, अशाने शास्त्राचा दर्जा घसरतो. प्रत्यक्षात उलटे घडले. शास्त्राने काय म्हणायचे आणि सरकारने काय द्यायचे, हे दोन निर्णय वेगळे केल्यामुळे शास्त्रज्ञांवरचा दबाव कमी झाला. सैनिकांच्या मुलांमधल्या स्पायना बायफिडा या व्यंगाचा पुरावा नंतरच्या आढाव्यात कमकुवत दिसला, तेव्हा अकादमीने २०१६ साली त्याला खालच्या गटात टाकले; रक्तदाबाचा पुरावा बळकट झाला, तेव्हा २०१८ साली त्याला वरच्या गटात नेले. पुरावा बदलला तसे मत बदलले. याला दर्जा घसरणे म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, आणि तो मला मान्य आहे. हा औदार्याचा हात सरहद्दीशी थांबला. ज्यांच्या डोक्यावर फवारणी झाली त्या व्हिएतनामी लोकांनी २००४ साली त्याच न्यायालयात, त्याच वाइनस्टाइन यांच्यासमोर दावा लावला. तो मार्च २००५मध्ये फेटाळला गेला आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायलाही नकार दिला. अमेरिकेच्या बाजूने लढलेले ३ लाखांहून अधिक दक्षिण कोरियन सैनिक व्हिएतनाममध्ये गेले होते. त्यांच्या खटल्यात कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फक्त क्लोराक्ने झालेल्या ३९ जणांचा कंपन्यांविरुद्धचा दावा मान्य केला. रसायन एक, शरीर एक, शास्त्र एक; पण ज्याच्या पाठीशी मतपेटी आणि संघटना होती त्याला संशयाचा फायदा मिळाला, इतरांना मिळाला नाही. यावरून काहींना हे तत्त्वच पोकळ वाटते. मला त्यातून वेगळा निष्कर्ष निघतो. संशयाचा फायदा मेहेरबानी म्हणून दिला की तो बळकटालाच मिळतो. म्हणून तो नियमात, हक्क म्हणून, आधीच लिहून ठेवावा लागतो.

आता आपल्याकडे पाहू. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग नेमले गेले. भारत अध्यक्ष होता, कॅनडा आणि पोलंड सदस्य. भारतीय सैन्याच्या अधिकृत हिशेबानुसार १९५४ ते १९७० या काळात या कामासाठी ९७० अधिकारी, १४० कनिष्ठ आयुक्त अधिकारी आणि ६,१५७ इतर दर्जांचे जवान पाठवले गेले. आयोगाच्या व्हिएतनाममधल्या स्थिर पथकांच्या जागा करारातच नेमलेल्या होत्या. दक्षिणेत त्यांत सायगाव, न्हा त्रांग, क्वी न्योन आणि तुरान ही नावे आहेत. तुरान म्हणजे आजचे दा नांग. पुढे दा नांगच्या विमानतळावर पिंपे उतरवली जात, मिश्रण टाकीत भरले जाई. तिथल्या मातीत डायॉक्सिन मान्य मर्यादेच्या ३६५ पट सापडले आणि ती माती भाजून शुद्ध करायला २०१२ ते २०१८ अशी वर्षे लागली. गावात राहणारा निरीक्षक आणि पिंपे हाताळणारा कामगार यांची बाधा सारखी नसते, आणि १९६१च्या आधी परतलेल्यांचा तर प्रश्नच येत नाही. पण अमेरिकी कायद्याचे माप लावले, तर १९६२नंतर दक्षिण व्हिएतनाममध्ये सेवा केलेला प्रत्येक भारतीय जवान ‘बाधित’ या व्याख्येत बसतो. तो अमेरिकी नव्हता, एवढाच फरक. शांतता राखायला गेलेल्या माणसाच्या फुप्फुसाला राष्ट्रीयत्व कळत नाही.

परक्या युद्धाची गोष्ट राहू द्या; आपल्या सैनिकांवर रसायनाचा प्रयोग आपल्याच भूमीवर झालेला आहे. फाळणीपूर्वीच्या रावळपिंडीत ब्रिटिश लष्करी शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ मस्टर्ड वायूच्या चाचण्या केल्या. शेकडो भारतीय जवानांना त्यासाठी वापरले. अंगावर साधी चड्डी आणि सुती सदरा घालून काहींना वायूच्या कोठडीत पाठवले. भारतीय कातडी या वायूला किती टिकते, हाही त्यांच्या कुतूहलाचा एक विषय होता. भाजून इस्पितळात दाखल झालेल्यांच्या नोंदी ब्रिटनच्या अभिलेखागारात निघाल्या आणि २००७ साली त्या वृत्तपत्रात आल्या. २००८ साली ब्रिटिश सरकारने आपल्या पोर्टन डाऊन केंद्रातल्या चाचण्यांत वापरल्या गेलेल्या ३६० माजी सैनिकांना माफी मागून ३० लाख पौंड दिले. रावळपिंडीतल्या जवानांचा पुढे पाठपुरावाच झाला नव्हता. साठ-सत्तर वर्षांनी त्यांच्यापैकी कुणी पुरावा तरी काय देणार होता?

आपले दिव्यांगता निवृत्तिवेतनाचे नियम या बाबतीत मुळात उदार होते, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९८२च्या नियमांनी स्पष्ट म्हटले, की हक्क सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर टाकायचे नाही, वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा आणि रणक्षेत्रातल्या सेवेसाठी तो अधिक सढळपणे द्यायचा. भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट होता असेच मानायचे. जुलै २०१३मध्ये सिग्नल्समधल्या एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व ठामपणे उचलून धरले. झटक्यांच्या आजारामुळे त्याला बोर्ड आउट, म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी केले होते आणि मेडिकल बोर्डाने कारण न देता ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला होता. न्यायालयाने कारणाविनाचा तो शेरा मानला नाही. पण २००८च्या नियमांत एक वाक्य शिरले. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा आला आणि तोवर मुदत संपून सेवेचे कागद नष्ट झालेले असले, तर हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर. कागद सरकारने ठेवले, सरकारनेच नष्ट केले, आणि ते नसल्याचा तोटा सैनिकाने सोसायचा. डायॉक्सिनसारखे विष पंधरा वर्षांत तोंडही उघडत नाही. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात ट्रंकेतले डिस्चार्ज बुक काढून बसलेल्या सत्तरीच्या माणसाकडे काय असते? भरतीच्या वेळचा ‘शेप-वन’ हा धडधाकटपणाचा शेरा, पलटणीचे नाव, बदल्यांच्या तारखा. कोणत्या डेपोत कोणते पिंप हाताळले, ते त्या पुस्तकात लिहिलेले नसते.

यावर सांगितले जाते, की दिव्यांगता निवृत्तिवेतनाचा गैरफायदा घेतला जातो. २०२३ साली नियम पुन्हा बदलले, तेव्हा ही चर्चा बरीच झाली. गैरफायदा होत असेल तर तो पकडण्याचे साधन तपासणी हे आहे. कार्यालयात बसून वाढलेला रक्तदाब आणि विषारी द्रव्य हाताळून झालेला आजार यांत भेद करायचा तर कोण कुठे, कशाच्या संपर्कात होता याची नोंद लागते. म्हणजे प्रामाणिक तपासणीलाही आणि प्रामाणिक दाव्यालाही एकच गोष्ट हवी, आणि ती नोंद ठेवणे फक्त सैन्यालाच शक्य आहे. म्हणून आपल्याकडे तीन गोष्टी व्हायला हव्यात. दारूगोळा, इंधन, कीटकनाशके, किरणोत्सर्ग यांच्या संपर्काची नोंद प्रत्येक जवानाच्या आरोग्यपत्रिकेत लिहावी. ती त्याच्या हयातीत नष्ट करू नये. आणि अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र वैद्यकीय मंडळाने ठरावीक काळाने संशोधन तपासून, कोणत्या सेवेला कोणते आजार जोडायचे याची यादी जाहीर करावी. त्या यादीत बसणाऱ्या माणसाला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागू नये. जवानाला हुकूम नाकारण्याची मुभा नसते. ती नसल्यामुळेच सैन्य चालते. ज्याला नकार देता येत नव्हता, त्याच्याकडून पुढे पुरावा मागण्याचा अधिकार राज्याला उरत नाही.